अबू गायिबचा नंबर

आमच्या गल्लीत गुपित कोणाला सांगू नये असं विचारलंत, तर शेंबडं पोरसुद्धा चासिबकडे बोट दाखवील. तसा माणूस पोटात ठेवणारा होता. प्रश्न पोटाचा नव्हताच, कानांचा होता. गल्लीच्या तोंडाशी जो जनरेटर आहे, त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या खोपटात त्याने उभी हयात काढली, आणि भाडं म्हणून जनरेटरने त्याचे दोन्ही कान ठेवून घेतले. उरले ते चष्मा अडकवण्यापुरते; समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा. बाहेरचं ऐकू येत नसलं तरी कानाच्या आत मात्र जनरेटर सतत चालू असतो, झोपेतसुद्धा, असं तो सांगायचा. त्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलायची त्याला सवय जडली होती. तो कुजबुजला की पलीकडच्या गल्लीतली कबुतरं उडायची.

देहाने म्हणाल तर दक्षिणेतल्या दलदलीतली म्हैस. आला होताही तिकडूनच. मन मात्र वासराचं. आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याचा बाप म्हणून. मूलबाळ नसलं तर त्याला 'अबू गायिब' म्हणतात, म्हणजे अजून न आलेल्याचा बाप. चासिबला सगळी गल्ली अबू गायिब म्हणायची, आणि त्याची बायको बद्रिया ती उम्म गायिब, म्हणजे गायिबची आई. गायिबची वाट पाहता पाहता दोघांचे केस पांढरे झाले.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्या जनरेटरच्या अगदी समोर. या धंद्याला याहून वाईट जागा अख्ख्या बगदादमध्ये सापडायची नाही. टेबलावरचे बारीक स्क्रू दिवसभर नाचत असतात, आणि दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाईक येईपर्यंत पुन्हा बिघडतं. पण एक फायदा झाला. चासिबचा संसार, राज्यकारभार आणि ऱ्हास, तिन्ही मला बसल्या जागेवरून दिसले.

राज्यकारभार म्हणतो ते उगाच नाही. सरकारी वीज आमच्याकडे मोठ्या घरच्या पाहुण्यासारखी येते. कधी येणार ते कळवत नाही, आणि आली तरी चहा होईपर्यंत थांबत नाही. बाकीचा वेळ सगळी गल्ली हाजी मुनइमच्या जनरेटरवर. कोणी दोन अँपिअर, कोणी चार, असं महिन्याच्या बोलीने घ्यायचं. प्रत्येक घराचा एक खटका, आणि सगळे खटके एका लाकडी बोर्डावर, चासिबच्या नाकासमोर. ऑगस्टच्या दुपारी कोणी गार वाऱ्यात घोरायचं आणि कोणी घामात पोहायचं, हे त्याच्या एका अंगठ्यावर. एवढी सत्ता मंत्र्यांकडे नसते. असली तरी कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना वासावरून कळत नाही.

सत्ता आली की माणूस थोडा बिघडतोच. गल्लीतले उस्ताद राघिब आपलं ऊद हे तंतुवाद्य वाजवायला बसले, की ऐकू न येणाऱ्या चासिबलाही त्यांचं डोलणं बघवत नसे आणि त्यांच्याच घरी 'तांत्रिक अडचण' यायची. एका लग्नाचं बोलावणं बद्रियाला गेलं नाही, तर वरात दारात आली तेव्हा नेमका त्या घराचा खटका 'तापला' होता. मटण-भाताचं झाकलेलं ताट खोपटात पोचलं आणि खटका निवला. उस्ताद म्हणायचे, "जगात लाच खाणारे पुष्कळ पाहिले, पण चमच्याने खाणारा हा पहिलाच."

तरीही लोकांचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याचं कारण उम्म नजहत.

उम्म नजहत ही गल्लीच्या मधल्या घरातली विधवा. थोरली नजहत लग्न होऊन बसऱ्याला गेलेली, धाकटी रजिहा घरात. नवऱ्याच्या पेन्शनीवर घर चालायचं, आणि पेन्शन सरकारी विजेची सख्खी बहीण. चासिब नवा असताना एकदा तिच्या दारात गेला आणि फार जपून, अगदी हळू कुजबुजला, "उम्म नजहत, मागचं बाकी आहे. पण घाई नाही. मी कोणाला कळू देणार नाही."

कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याने तिथूनच ओरडून सांगितलं, "मीही कळू देणार नाही, खाला."

उम्म नजहतने त्यानंतर कितीतरी दिवस पाव आणायलासुद्धा घराबाहेर पाऊल टाकलं नाही. चासिब इतका शरमला की त्याने शपथ घेतली, यापुढे पैशाची गोष्ट तोंडाने काढायची नाही. खटक्याने काढायची. दोनदा दिवा मिचकावला, म्हणजे सवडीने खोपटात येऊन जा. घरातल्याला बरोबर कळायचं आणि शेजाऱ्याला पत्ता लागायचा नाही. तीनदा मिचकावला, म्हणजे तुमच्या घरून दोल्म्याचा, भात भरलेल्या पानांचा, वास येतोय. याचा अर्थ तर सगळ्यांनाच पाठ होता.

विधवांच्या, एकट्या बायकांच्या घरचे खटके तो सहसा खाली पाडतच नसे. दर गुरुवारी हाजी मुनइम हिशेबाला यायचे. पांढरीशुभ्र पायघोळ दिश्दाशा, हातात जपमाळ, बोटात अकीकाची अंगठी. तीन जनरेटर आणि एक कूलरचं दुकान त्यांच्या मालकीचं. हाजी वाईट माणूस नव्हते. त्यांना तेवढा वेळ नव्हता.

"उम्म नजहतचं काय?" हाजी विचारायचे.

"तिचा खटका अडकलाय, हाजी. खाली पडतच नाही."

"अजून?"

"गंज फार आहे."

हाजी माळेचे मणी सरकवत त्याच्याकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, "तेल घाल."

"घालतो."

त्या खटक्याला काय झालंय हे हाजींना माहीत होतं आणि हाजींना माहीत आहे हे चासिबला माहीत होतं. दोघं चहा प्यायचे, हाजी निघून जायचे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेल. अशी वर्षं गेली. एखाद्याशी आपण निर्दयपणे वागत नाही आहोत, हे हाजींना दर आठवड्याला फुकटात समजायचं, आणि त्याचीही त्यांना गोडी होती.

मग हाजींनी कूलर हप्त्याने विकायला काढले. आता कूलर त्यांचा, कूलर फिरवणारी वीज त्यांची, आणि दोन्हींसाठी दिलेलं कर्जही त्यांचं. उन्हाळा तेवढा अल्लाहचा. घराघरात नवे कूलर घुमायला लागले. उम्म नजहतनेही घेतला, कारण रजिहाला बघायला लोक येणार होते, आणि घामेजलेल्या पाहुण्याला पोरगी देखणी दिसत नाही असं तिचं मत होतं.

चासिबचं कर्ज त्याआधीचं. त्याचं नि बद्रियाचं तेहरानच्या डॉक्टरकडे दोनदा जाणं झालं होतं, सुया झाल्या होत्या, नवस झाले होते. पैसे हाजींनी दिले. बद्रिया तुर्शीच्या, म्हणजे लोणच्याच्या, बरण्या भरता भरता माझ्याकडे बघून म्हणायची, "उस्ताद, गायिब काही आला नाही. हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता येतो. पोर असतं तर एवढं आज्ञाधारक नसतं."

एका वसंतात हाजी एक तरुण इंजिनिअर घेऊन आले. त्याने खोपटाशेजारी काचेचं कपाट उभं केलं. आत हिरवे दिवे, बारीक तारा. चीनहून आलं होतं. प्रत्येक घराच्या खटक्यावर आता या कपाटाची नजर. घरमालकाचा फोन नंबर एकदा कपाटाला सांगितला की विजेचं बिल आणि कूलरचा हप्ता, दोन्हींचा निरोप त्या नंबरावर आपोआप जाणार. तारीख उलटली की लाइन आपोआप बंद. पैसे भरले की आपोआप चालू. इंजिनिअर 'आपोआप' हा शब्द इतक्यांदा म्हणाला की हाजींच्या चेहऱ्यावर रमजानची नवी कोर दिसल्यासारखा आनंद पसरला.

"नंबर गोळा करायला तू जा," हाजी चासिबला म्हणाले. "माझं तोंड बघून लोक दार लावतात. तुझं बघून चहा ठेवतात."

"आणि मग मी काय करायचं, हाजी? खटके तर हे कपाटच बघणार."

"डिझेल कोण ओतणार? तू. आणि सगळे नंबर आणलेस तर तुझं अर्धं कर्ज मी सोडलं."

चासिब उड्या मारतच घरी गेला. जमिनीला ते जाणवलं असणार. बद्रियाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जे केल्याने तुझं अर्धं फिटतंय, त्याने त्याचं सगळं फिटत असणार. जरा विचारून तर बघ."

"तुला प्रत्येकात खोट दिसते."

"मला दिसत नाही रे, माझ्या वाट्याला येते."

चासिब निघाला दारोदार. पुरुषमाणसांनी पटापट नंबर दिले. अडलं ते बायकांच्या घरांपाशी. आमच्यात परक्या माणसाला बाईचा नंबर कोणी विचारत नाही आणि कोणी देत नाही. शाळेच्या कागदावर मामाचा लिहितात, दवाखान्यात भावाचा. ज्या घरी बाप, भाऊ, मुलगा कोणीच नाही, तिथे काय लिहायचं, याचा विचार चीनमध्ये झाला नव्हता.

उम्म नजहतने दार अर्धंच उघडलं. संवाद गल्लीला अर्थातच पूर्ण ऐकू आला.

"नंबर? माझा? कोणाला पाहिजे?"

"मशीनला, खाला."

"कोण हे मशीन? कुठल्या घरचं?"

"चीनचं."

"मग तर नकोच. माझ्या सख्ख्या जावयाकडे माझा नंबर नाही. आणि तो काल आलेला इंजिनिअर पोरगा माझा नंबर खिशात घेऊन फिरणार?"

"तेच मी म्हणतो," चासिब कुजबुजला, आणि कबुतरं उडाली. "पण काहीतरी लिहायला तर पाहिजे."

"मग तुझा लिही. तूच तर बघतोस सगळं. निरोप आला की दिवा मिचकाव, मी समजून घेईन."

हे इतकं सरळ होतं की चासिबला आधी सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं. त्याने उम्म नजहतच्या नावापुढे आपला नंबर दिला. शेजारच्या विधवेने ऐकलं होतंच, तिच्या घरासाठीही चासिबचा. पलीकडे दोघी बहिणी राहायच्या, त्यांच्यासाठी चासिबचा. एकीचा नवरा जर्मनीला गेलेला आणि तिकडेच गप्प झालेला, तिच्यासाठी चासिबचा. गल्लीत कोणालाही यात वावगं वाटलं नाही, उलट त्याच्या खानदानीपणाचं कौतुक झालं. उस्ताद राघिबनी त्या दिवशी त्याच्यासाठी ऊद वाजवला आणि त्याने तो शेवटपर्यंत सहन केला.

इंजिनिअरने नंबर भरले. कपाटानेही तक्रार केली नाही. त्याच्या हिशेबी एक नंबर म्हणजे एक गिऱ्हाईक. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांचा मालक असलेला कोणी चासिब नावाचा बडा जमीनदार राहतो, अशी त्याची समजूत झाली. आयुष्यात चासिबला इतका मान कोणीच दिला नव्हता.

उद्घाटनाला हाजींनी मेंढा कापला आणि नजर लागू नये म्हणून रक्ताचा पंजा कपाटाच्या काचेवर उमटवला. इंजिनिअरला घाम फुटला. म्हणाला, "हाजी, यात करंट आहे." हाजी म्हणाले, "मेंढ्यातही होता."

जुना लाकडी बोर्ड ताडपत्री टाकून खोपटामागे उभा केला. तिथेच पहिली अडचण निघाली. दिवे मिचकावायचे कशाने? खटके आता काचेच्या आत. निरोप चासिबच्या फोनवर यायचे, आणि ते घरोघर पोचवायचे तर तोंडानेच. शपथ मोडून तो पुन्हा कुजबुजायला लागला, आणि कोणाचा हप्ता थकलाय हे पुन्हा तंदूरवाल्याला कळायला लागलं. बायका दारातूनच हात जोडायच्या, "अबू गायिब, नको रे बाबा सांगूस. आम्हाला लक्षात आहे." मग त्याने सांगणंच कमी केलं. लहानसहान बाकी स्वतःच्या खिशातून भरायचा. मोठी असली की फोन उलटा करून ठेवायचा. खटका अडकलाय असं म्हणून इतकी वर्षं निभावलं, तसं हेही निभेल असं त्याला वाटत होतं. या कपाटाला गंज चढत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ऑगस्ट आला. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. आणि रजिहाला मागणं आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घर चांगलं, चुलते-मामे मानाने वागणारे. मागणी घालायला वडीलधारे पुरुष येणार असल्याचा निरोप आला तेव्हा उम्म नजहतने अर्धी गल्ली कामाला लावली. बद्रियाने अंब्याच्या लोणच्याची बरणी दिली, मी भिंतीवरचं घड्याळ फुकट दुरुस्त करून दिलं. चासिबने कूलरचा गवताचा पडदा स्वतः धुऊन बसवला आणि कुजबुजला, "खाला, असा वारा देईल की पाहुणे घरी जायचं नाव काढणार नाहीत."

त्याच आठवड्यात त्याच्या फोनवर उम्म नजहतच्या कूलरच्या हप्त्याचा निरोप आला. पुन्हा आला. पेन्शन अजून आली नव्हती. चासिबच्या खिशात तेवढे पैसे नव्हते, आणि घरात मागणीची गडबड असताना दारात उभं राहून हप्त्याचं कुजबुजायचं म्हणजे मुलीच्या लग्नाला आग लावायची. त्याने मला एवढंच सांगितलं, "मागणी होऊ दे उस्ताद, मग सांगतो. चार दिवसांनी काय होतंय?" हे त्याने दुकानाचं दार लावून सांगितलं, म्हणून फक्त माझीच घड्याळं हादरली.

पाहुणे दुपारच्या नमाजानंतर आले. सरकारी वीज अर्थातच नव्हती. दिश्दाशा कडक इस्त्रीच्या, पुढे मुलाचा चुलता, मेंदी लावलेल्या दाढीचा. आत कूलर घुमत होता, सरबत फिरलं होतं. रीतीप्रमाणे चुलत्याने पेला हातात घेऊन तसाच धरला होता. मागण्याला हो मिळाल्याशिवाय तो ओठाला लागत नाही. आणि इतक्यात कूलर बंद झाला.

फक्त तिचाच नाही. चासिबच्या नंबराखालची सगळी घरं गेली, खुद्द चासिबचंही. कपाटाच्या दृष्टीने एका बड्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले होते, त्याने ते गिऱ्हाईक बंद केलं. बायका हातपंखे घेऊन दारात आल्या. "अबू गायिब, आम्ही काय घोडं मारलं तुझं?" तो दोन्ही हात हलवत होता आणि उम्म नजहतच्या खिडकीकडे बघत होता. खिडकीतून समोरच्या घरचा चालू कूलर ऐकू येत होता, आणि जे चासिबला दिसलं ते पाहुण्यांनाही कळणार होतं. समोरची चालू आणि ह्या घरची गेली, म्हणजे ह्या घराने पैसे भरले नाहीत.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने ताडपत्री ओढून काढली, जुन्या बोर्डाचं टोक जनरेटरच्या मुख्य तारेला जोडलं आणि उम्म नजहतची तार त्यात खुपसली. जुना खटका वर केला. कूलर घुमला. चासिबच्या तोंडावर जुना बादशहा परत आला. आणि पाच-सहा श्वासांतच कपाटाचे हिरवे दिवे तांबडे झाले, कपाटाने चोरी पकडली, आणि जनरेटरच बंद पडला.

गल्लीत अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. ना कूलर, ना पंखा, ना जनरेटर. माझे स्क्रू टेबलावर निमूट बसले. सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली.

आता खरं तर सगळं निभावलं होतं. अख्खी गल्ली गेली म्हणजे कोणा एकाकडे बोट नाही. आत मुलाचा चुलता म्हणाला, "सगळ्यांचीच गेली वाटतं," आणि दाढीवरून हात फिरवत हसला. हे सगळं बाहेर स्वच्छ ऐकू येत होतं. रस्त्यावरच्या प्रत्येकाला. एकट्या चासिबला नाही. त्याच्या कानात जनरेटर चालूच होता.

हाजी मुनइम फोन हातात घेऊन आलेच. चासिबने त्यांना जनरेटरच्या आडोशाला ओढलं, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि फार जपून, अगदी हळू कुजबुजला, "हाजी, उम्म नजहतचा हप्ता थकलाय म्हणून बंद झालं. तिची पेन्शन आली नाही, हातात दिनार नाही. आत रजिहाला मागायला पाहुणे बसलेत. त्यांना कळलं तर मोडेल. तिचं सगळं माझ्या पगारातून कापा, पण आत्ता चालू करा. कोणाला कळू देऊ नका."

मी हातवारे करत होतो, तोंडावर बोट ठेवत होतो. तंदूरवाला भट्टी सोडून धावत आला. चासिबला वाटलं, आम्ही त्याला धीर देतोय.

हाजींचा चेहरा खरोखर पडला होता. ते म्हणाले, "चासिब, वल्लाह, माझ्या हातात असतं तर सोडून दिलं असतं. पण आता ते माझ्या हातात नाही. मशीन पैसे आल्याशिवाय उघडत नाही. तुझ्या नंबरावरचे सगळे, आणि वर चोरीचा दंड."

"तेल घाला की, हाजी," चासिब म्हणाला.

 पूर्वी नाही म्हणताना हाजींना चासिबच्या डोळ्यांत बघावं लागायचं. आता त्यांनी फोनकडे बघितलं.

उम्म नजहतच्या घरातून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पाहुणे बाहेर आले. फार सभ्य माणसं. रीतीने सलाम केला. चुलता म्हणाला, "निरोप पाठवतो." सरबताचा पेला आत तसाच भरलेला होता, हे मला बद्रियाने नंतर सांगितलं. त्यांच्यापैकी एकाने वाकून चपला घालताना शेजारच्या पाहुण्याला विचारलं, "कूलरसुद्धा उधारीचा?" त्याला कुजबुजता येत होतं, पण शांतता अजून तशीच होती.

दारात रजिहा उभी होती. चासिब तिच्याकडे बघून हसला आणि त्याने अंगठा वर केला. काम झालं, असं.

ती आत गेली. मग बद्रिया आली, त्याच्या समोर उभी राहिली आणि ओठ मोठे करून एकेक शब्द म्हणाली, म्हणजे त्याला वाचता यावं. बद्रियाने त्याला काय सांगितलं ते सांगायची गरज नाही. त्याचा अंगठा कितीतरी वेळ तसाच वर राहिला होता, खाली घ्यायचं तो विसरला होता.

पैसे त्याच संध्याकाळी भरले गेले. बायकांची दरमहा वर्गणीची भिशी होती, ती त्या महिन्यात जिच्या पाळीची होती तिने न बोलता आणून दिली. बाकीचं चासिबच्या पगारात मांडलं. फिटलेलं अर्धं कर्ज दुसऱ्या दाराने परत आलं आणि येताना पाव्हणे घेऊन आलं. हाजींनी त्याला कामावरून काढलं नाही. डिझेल ओतायला तो अजून आहे, पगार नाही. मुलाकडून निरोप आला नाही.

आम्ही नंबर बदलायला गेलो होतो. इंजिनिअर म्हणाला, नंबरावरची सगळी बाकी शून्य झाल्याशिवाय मशीन बदलू देत नाही. इतक्या घरांची बाकी एकाच दिवशी शून्य व्हायला बगदादमध्ये काय चमत्कार व्हावा लागेल, याचा हिशेब उस्ताद राघिबनी केला आणि सोडून दिला. तेव्हापासून ज्या घरात पेन्शन लांबते किंवा जर्मनी गप्प होते, त्या प्रत्येक घराचा निरोप त्या फोनवर येतो. आमच्या गल्लीत एवढं मोठं कुटुंब दुसऱ्या कोणाचं नाही.

तो आता निरोप लपवत नाही. येईल तसा घेऊन जातो. पण बोलत मात्र नाही. उम्म नजहतशीच नाही असं नव्हे, कोणाशीच. माझ्या दुकानात येतो, चहा पितो, साखर ढवळतो, मी काही म्हटलं तर मान हलवतो. सुरुवातीला आम्ही थट्टा केली. तंदूरवाला म्हणाला, "अबू गायिब, दोन शब्द तरी बोल, पीठ फुगत नाहीये." तो हसला. बोलला नाही. मग थट्टा करायचंही जिवावर आलं.

परवा मी उम्म नजहतच्या घड्याळाला चावी द्यायला गेलो होतो तेव्हा तो दारात आला. फोन पुढे धरून उभा राहिला. रजिहाने तो घेतला आणि आईला वाचून दाखवला. "सन्माननीय ग्राहक, आपल्या कूलरचा या महिन्याचा हप्ता..." तिचा आवाज सरळ होता, धडा वाचावा तसा. ती आता बालवाडीत शिकवते.

उम्म नजहत पैसे आणायला उठली, अर्ध्या वाटेत थांबली आणि वळून म्हणाली, "अरे बोल की रे बाबा. आता कोणापासून लपवायचंय?"

त्याने मान हलवली. रजिहाने पैसे आणून त्याच्या हातावर ठेवले आणि त्याच्या कानाशी, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "अम्मो, काका, मी तुमच्यावर रागावलेली नाही." सगळ्या गल्लीने ऐकलं. त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. त्याने पैसे खिशात नीट ठेवले, वरून दोनदा थोपटले आणि पुढच्या दाराकडे गेला.

पलीकडच्या गल्लीतली कबुतरं हल्ली दिवसभर गच्चीवर बसून असतात.